गाडी क्र. ७ मधील लेबल पावणेअकराच्या आत काढू देण्याबाबत

प्रति,
मा. वाहन विभागप्रमुख,
रुग्ण वाहतूक कार्यालय, पहिला मजला.
(साहेब बैठकीत असल्याने शिपायाच्या हस्ते)

विषय : ऑटो एसीच्या जाळीवर चिकटवलेले मालमत्ता लेबल आजच काढण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) तपासणी समितीचे तीन शेरे, तिन्ही "दोष आढळला नाही". ३) मला आलेली कारणे दाखवा नोटीस.

वेळ : सकाळी ९.५०

महोदय,

१. मी गाडी क्र. ७ चा चालक. आठवड्यातून तीनदा नऊ वर्षांच्या एका मुलीला घरून उपचार केंद्रात नेतो. तिला जन्मापासून घाम येत नाही. आपल्याला नुसते उकडते तेव्हा तिचे अंग तापत जाते आणि आपोआप उतरत नाही. डॉक्टरांनी गाडीत चोवीस अंश लिहून दिले आहेत. रस्ता पन्नास मिनिटांचा. बाहेर आत्ताच अडतीस आहे.

२. एसी सुरू केल्यावर पहिली वीस मिनिटे गार हवा येते. नंतर पडद्यावरचा चोवीस आकडा तसाच राहतो आणि झोत गरम होतो. समिती गाडी पोर्चच्या सावलीत पाच मिनिटे तपासते, कारण तपासणीच्या नमुन्यात पाच मिनिटेच छापली आहेत. त्यामुळे दर वेळी गाडी निर्दोष आणि चालक तक्रारखोर ठरतो. "आमच्यासमोर शहाण्यासारखी वागते, तुमच्यासमोरच कशी बिघडते?" असे समितीच्या अध्यक्षांनी विचारले. पाच मिनिटांत मी काय उत्तर देणार?

३. आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. मिस्त्रींनी गॅसचा दाब पाहिला, व्यवस्थित. हवेची गाळणी बदलली. डॅशबोर्डला कान लावून गरम-गार हवा मिसळणारी झडप ऐकली. तीही हुकूम येईल तशी वळते. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "झडप इमानदार आहे हो. तिला खोटं कोण सांगतंय ते शोधा."

४. तो सापडला. स्टिअरिंगच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी जाळी असते. तिच्यातून छोटा पंखा गाडीतली हवा ओढतो आणि मागचा सेन्सर ती मोजतो. गाडी क्र. ४ मध्ये जाळीजवळ पातळ कागदाचा कपटा नेला की तो चिकटून बसतो. ७ मध्ये कपटा कुठे न्यायचा हेच कळेना. जाळीच्या जागी कार्यालयाचे मालमत्ता लेबल होते. परिपत्रकानुसार ते "सपाट, दर्शनी व विनावापर जागी" लावायचे होते. मालमत्ता लिपिक म्हणाले, "ती जाळी रिकामीच होती. तिथं काही चाललेलं दिसलं नाही." आता सेन्सरला फक्त डॅशबोर्डच्या पोटातली, गार नळ्यांनी थंडावलेली हवा कळते. त्याला वाटते गाडी गारठली, म्हणून तो गरम सोडतो.

५. लेबल काढताना फाटते. त्याची घडणच तशी आहे. लेबल नसलेली गाडी नियमानुसार कार्यालयाची राहत नाही आणि कार्यालयाची नसलेली गाडी फेरीवर पाठवता येत नाही. नव्या लेबलास एकवीस दिवस लागतात. म्हणून मागच्या आठवड्यात मी सुईने लेबलाला सात भोके पाडली. गाडी दोन अंशांनी उतरली. "मालमत्तेस छिद्रे पाडणे" ही नोटीस त्याचीच.

६. येथे परवाच्या फेरीचा तक्ता हवा होता. आखायला वेळ नाही. मुलीने सांगितले तसे लिहितो. तिला आम्ही मास्तरीण म्हणतो, कारण दोन्ही थर्मामीटर तिच्या ताब्यात असतात, गाडीचा आणि काखेतला.

निघताना : गाडी २४, मी ३७.
वीस मिनिटे : गाडी २७. "काका, सुरू झालं तुमच्या गाडीचं."
तीस : गाडी ३१, मी ३८.
चाळीस : गाडी ३३, मी ३९.
पंचेचाळीस :

पुढे आकडा नाही. ती बोलायची थांबली. तिच्या आत्याबाईंनी बाटलीतले पाणी तिच्या अंगावर ओतले आणि ओरडल्या, "बंद करा हो ते, आग ओकतंय!" मी बंद केले, काचा उघडल्या, बाहेरची हवाही तापलेलीच. केंद्रात तिला उचलून न्यावे लागले. दोन तासांनी डोळे उघडून तिने विचारले, "शेवटचा किती होता?"

७. आकडा सर्वांत खाली ठेवा, असे समितीने सुचवले. ठेवून पाहिला. मग सेन्सरला कोणी विचारत नाही, बर्फासारखा झोत येतो आणि ती काकडते. डॉक्टरांनी तेही मना केले आहे. गाडी क्र. ४ चे इंजिन आज सकाळीच उतरवले. परवाचा उपचार अर्धाच झाला, त्यामुळे आजची पावणेअकराची फेरी चुकवता येत नाही.

तरी लेबल काढण्यास परवानगी द्यावी.

पुरवणी, १०.१८. शिपाईभाऊ अर्ज तसाच परत घेऊन वरून आले. सांगतात, "साहेबांनी मान हलवली." होकाराची की नकाराची, असे विचारल्यावर त्यांनीही मान हलवली.

पुरवणी, १०.३१. आत्याबाईंचा फोन. "ऊन चढायच्या आत या हो. पोर केव्हाची दाराशी येऊन बसलीये." मी म्हटले, निघालोच. महोदय, हे मी खोटे बोललो. मी जिन्यात उभा आहे.

पुरवणी, १०.४३, फाटकावरून. लेबल काढले. चार तुकडे झाले. जाळीजवळ कपटा नेला, चिकटला. खरे काय ते वीस मिनिटांनी रस्त्यात कळेल. एरवी एसी तिच्या दारात पोहोचता पोहोचता लावतो; आज मुलीआधी मी रिकामी गाडी एसी लावून वीस मिनिटे चालवणार आहे, तिचे घर तेवढेच दूर आहे. कृत्य माझे एकट्याचे. मिस्त्रींनी फक्त चिमटा दिला आणि कशाला हवा ते विचारले नाही.

पहारेकरीबुवांनी काचेतून आत पाहिले. म्हणाले, "लेबल नाही?" नाही म्हटले. "म्हणजे ही आपली गाडी नाही?" नियमाप्रमाणे नाही, म्हटले. "मग परकी गाडी आवारात ठेवतोस कशी? मला हुकूम आहे, परकी गाडी दिसली की बाहेर काढायची. चल, काढ!" आणि त्यांनी स्वतः फाटक उघडले. त्यांना दोष देऊ नये. हा अर्ज त्यांच्याच हाती देत आहे.

शिक्षा मान्य आहे. ती फेरी संपल्यावर द्यावी.

आपला नम्र, आणि घाईत,
(सही)
चालक, गाडी क्र. ७ (गाडी सध्या कोणाचीच नाही)
दिनांक : शिक्का मारताना घालावा.

सोबत :
१) लेबल, चार तुकडे, पाकिटात.
२) सुई.
३) परवाचे आकडे, मुलीच्या अक्षरात.
४) गाडीची चावी : जोडलेली नाही. गाडी फेरीवर आहे.