खुंटीवरचे मग

प्रिय आई,

मी बरा आहे. डायनरच्या शेगडीवरचं काम चालू आहे, रविवारची प्रार्थनाही चुकत नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे रोजच्या गिऱ्हाइकांचे कॉफीचे मग भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले असतात. आमच्या मालकाने, वेंडेलने, ते धुवायला म्हणून काढले, ते परत आलेच नाहीत. रोज येणारी म्हातारी लॉर्ना म्हणाली, "काय रे, नदीवर धुवायला नेलेस का?" तो नुसता हसला. काल एक अनोळखी माणूस काउंटरची मापं घेऊन गेला. डायनर विकायला काढलंय की काय, देव जाणे.

आज वेंडेलने माझाही मग मागितला. "कॉफी आहे अजून," म्हणालो आणि रिकामा मग धरून एका हाताने अंडी तळत राहिलो.

काळजी करू नकोस. आपल्या घरातली मागची खोली रिकामीच आहे ना? सहज विचारतो.

तुझा,
ऑरिन