हे बरं की मघाचं?

४ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चष्म्याचं दुकान मी गेल्या महिन्यात विकलं, हे तुला कळलंच असेल. चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासले, आता म्हटलं थोडे कानांचे लाड करावेत. म्हणून घरी गाणं ऐकायला चांगले स्पीकर घ्यायचं ठरवलंय.

दुकानदाराने पारखून बघायला दोन जोड्या घरी पाठवल्यात. एक जोडी माझ्या खांद्याला लागते. बाहेरच्या खोलीत ते दोघे असे उभे आहेत, की पाहुणे आलेत आणि बसा म्हटलं तरी बसत नाहीत असं वाटतं. तुझ्या वहिनीने परवा त्यातल्या एकावर ओली छत्री टांगली. दुसरी जोडी बुटांच्या खोक्याएवढी, पण दुकानदार म्हणतो, आकारावर जाऊ नका. सोबतचं माहितीपत्रक चोवीस पानी आहे आणि त्यात पानोपानी 'अनुनाद' येतो. हा शब्द शब्दकोशाच्या तुझ्याकडच्या खंडात आहे, तेव्हा अर्थ कळव.

आता महत्त्वाचं. नवी जोडी आली की बाबांनी केलेल्या जुन्या स्पीकरच्या खोक्याला जागा उरत नाही. एकटंच आहे, घुमतं फार, आणि आता त्याचं वयही झालंय. शनिवारी चोवीस तारखेला दुकानाचा माणूस ते घेऊन जाईल. मोडून आतलं लोहचुंबक काढून घेतात म्हणे. नंतर म्हणशील सांगितलं नाही, म्हणून आधीच सांगतोय. रागावू नकोस, लोभ चालू ठेव.

तुझा,
धाकटा

८ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि डोकं फिरलं. मोडून लोहचुंबक काढणार? अरे, कपाटाच्या उरलेल्या लाकडाची ती दोन खोकी करायला बाबांना अख्खा उन्हाळा लागला होता. रंधा मारून मारून त्यांच्या तळहाताला फोड आले होते. मधोमध एक खुर्ची असायची, तिच्यावर आळीपाळीने बसायचं, आणि तू माझ्या पाळीला हमखास पोट दुखतंय म्हणून ती बळकावायचास.

आपली वाटणी आठवते ना? कुणी नाव ठेवू नये म्हणून आपण सहा खुर्च्या तीन-तीन केल्या, चमचे मोजून निम्मे केले, शब्दकोशाचा अ ते न हा खंड मी घेतला आणि प ते ज्ञ तू. खोकी एक तुला, एक मला. एवढी चोख वाटणी केली आणि त्यानंतर सहा वर्षांत ना तू माझ्याकडे आलास, ना मी तुझ्याकडे. पत्रात मात्र दोघंही एकमेकांना ये म्हणतो. माझ्याकडच्या खोक्यावर मी मनीप्लांटची कुंडी ठेवलीय, म्हणून फार तोंड वर करून बोलत नाही. पण ते रोज डोळ्यांसमोर असतं रे, आणि तुझंही तुझ्या घरात आहे या विचाराने बरं वाटतं.

तेव्हा माझी एक अट आहे. नव्या जोड्यांबरोबर बाबांचं खोकंही परीक्षेला बसव. तू डोळ्यांवर टॉवेल बांध आणि स्पीकर बदलायचं बटण वहिनीच्या हातात दे. तसं ऐकूनही ते नापास झालं तर खुशाल मोडायला दे, मी अवाक्षर काढणार नाही.

अनुनाद म्हणजे एक वस्तू थरथरली की तिच्या आवाजाने दुसरीही थरथरू लागणे. 'हट्ट' तुझ्या खंडात आहे, तो तूच वाच. वहिनीला आशीर्वाद. माया आहे म्हणूनच रागावले.

तुझी,
ताई

१३ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या अटीप्रमाणे रविवारी सकाळी परीक्षा पार पडली. डोळ्यांना टॉवेल घट्ट बांधला होता. तुझी वहिनी पडद्यामागे बटणापाशी उभी. मी दुकानात गिऱ्हाइकांना विचारायचो, तसंच तिने मला विचारायचं, की हे बरं की मघाचं. दुकानदाराने दिलेली एकच तबकडी तीनदा वाजवली. निकाल पुढीलप्रमाणे.

नंबर एक स्वच्छ आहे, पण कोरडा. गाणारीला आदल्या दिवशी सर्दी झाली असावी असं वाटतं. नंबर दोन मात्र काय सांगू! तीच बाई, पण आवाजात साय धरलेली, आणि ती अगदी मधोमध, माझ्यापासून चार हातांवर उभी. एवढ्या चांगल्या जोडीलाच हे जमतं असं माहितीपत्रकात लिहिलंय. नंबर तीन ऐकल्याबरोबर मी ओळखला. तेच घुमणं, तोच जुनाटपणा. ते बाबांचं खोकं, शंकाच नाही. चाळीस वर्षं बारकावे पारखलेला माणूस आहे मी.

तेव्हा ताई, वाईट वाटून घेऊ नकोस. नंबर दोन घेतोय आणि चोवीस तारखेला खोकं जाईल. एकच खटकलं. तबकडीच्या वेष्टनावर बासरी आणि व्हायोलिन असं छापलंय. बासरी ऐकू येते, व्हायोलिनचा पत्ता नाही. छापणाऱ्याने थाप मारली असणार. न्याय झाला असं समजून प्रेम कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

१३ ऑगस्ट

ती. सौ. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. ह्यांच्या पत्रासोबतच पोचेल, पण आधी त्यांचं वाचा म्हणजे पुढचं कळेल.

रविवारी मी बाबांच्या खोक्यापासून सुरुवात केली, कारण त्याच्या तारा आधीपासून जोडलेल्या होत्या. ते मी खोलीच्या मधोमध सरकवलं होतं. गाणं संपलं, दुसऱ्यांदा लावलं, आता बटण दाबणार, तेवढ्यात हे टॉवेलखालून म्हणाले की वा, हे कितीतरी सरस आहे. माझा हात तिथेच थांबला.

तुम्हाला दुकानातली एक गोष्ट माहीत नसेल. मी तिथे वीस वर्षं ह्यांना मदत केली. एखादं गिऱ्हाईक फार शहाणपणा करायला लागलं, की हे काच न बदलता नुसती खुटखुट करायचे आणि विचारायचे की हे बरं की मघाचं. गिऱ्हाईक ठामपणे म्हणायचं की आताचं. मग संध्याकाळभर आम्ही हसायचो. म्हणून मीही तिसऱ्यांदा बटणाजवळ नुसती खुटखुट केली. वन्सं, एक, दोन, तीन, तिन्ही वेळा बाबांचंच खोकं वाजत होतं.

आता सांगायची माझी हिंमत होत नाही. ते दोन दिवस त्या नंबर दोनबद्दल दूधवाल्यालासुद्धा सांगताहेत. पण चोवीस तारखेला माणूस दारात येईल आणि खोकं जाईल, या विचाराने मला जेवण जात नाही. तुम्हीच काहीतरी करा. तुमची माया मला नेहमीच लाभली, या गुन्ह्यानंतरही लाभू दे.

तुमची,
वहिनी

१७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

आधी खाली बस. बसलास? वहिनीने बटण दाबलंच नाही. सर्दी झालेली, साय धरलेली आणि जुनाट, या तिन्ही बायका बाबांच्या एकाच खोक्यातून गात होत्या. वहिनीवर ओरडू नकोस, ही काच न बदलण्याची विद्या तिला तूच शिकवलीस. मी इतकी हसले, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

गाणारी मधोमध का उभी होती? कारण खोकंच मधोमध होतं, राजा.

पण मग व्हायोलिनचं वाचलं आणि माझं हसू थांबलं. छापणाऱ्याने थाप मारलेली नाही. अशा तबकडीत निम्मे वादक डाव्या खोक्यात असतात आणि निम्मे उजव्या. तुझ्याकडचं डावं. व्हायोलिनवाला गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे आणि त्याच्या डोक्यावर मी कुंडी ठेवलीय. आपण चमचे वाटले ते ठीक, पण जोडी कुणी वाटतं का रे? बाबांचं खोकं वाईट म्हणून तू ते मोडायला निघालास, आणि ते बिचारं नुसतं अर्धं होतं.

मी कुंडी उचलली, लाकूड पुसलं. टेम्पोवाल्याशी बोलले आहे. तू होकार कळव, लगेच पाठवते. पण येत्या शनिवारी त्या माणसाला दारातूनच परत पाठव, एवढं माझं ऐक. माया होती तेवढी आहे.

तुझी,
ताई

२५ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी आधी म्हणालो की असं होणं शक्यच नाही. मग तुझ्या वहिनीशी दीड दिवस बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाजी निवडताना आपणहूनच हसायला लागली, आणि मलाही ते आवरेना. दूधवाल्याला मात्र अजून काही सांगितलेलं नाही.

काल दुकानाचा माणूस आला. त्याच्याबरोबर दोन्ही जोड्या परत पाठवल्या, त्या उभ्या पाहुण्यांसकट. छत्री आता कुठे टांगायची, हा प्रश्न आहे. तो गेल्यावर मी डोळे उघडे ठेवून बाबांचं खोकं ऐकलं. बाईच्या साथीला नुसती बासरी वाजत होती आणि उजवी बाजू रिकामी. खरं सांगतो, मला रडू आलं. मी त्याला वाईट म्हणालो, आणि त्याच्या जोडीदाराची रिकामी जागा सहा वर्षं कधी पाहिली नाही.

टेम्पो नको. खोकं टेम्पोने आलं तर तू पुन्हा तिकडेच राहशील. तू स्वतः घेऊन ये, आणि सोबत अ ते न पण आण. भिंतीजवळ उजवीकडे खडूने चौकोन आखून ठेवलाय, तुझी वहिनी झाडू मारताना त्याला वळसा घालते. मधोमध एक खुर्ची ठेवलीय. पहिली पाळी तुझी, माझं पोट दुखणार नाही.

सगळं वाटलं, ताई, फक्त लोभ वाटायचा राहून गेला. तो इथे अख्खा पडून आहे. घ्यायला ये.

तुझा,
धाकटा