एप्रनातली ओटी

कारेगाव, मंगळवार

तीर्थरूप आप्पा,

सुलीचं डोकं तुमच्या पायांवर. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिहिते. गुडघ्याला तेल लावता ना?

कंपनीतल्या आम्ही सगळ्यांनी ते राजाराणीचं जुनं नाटक आजच्या कपड्यांत केलं. "शालूशिवाय राणी कसली?" म्हणून तुम्ही आला न्हाईत, त्याचं मनात काही न्हाई. लोक आधी हसलेच. राजा निळ्या युनिफॉर्ममध्ये, राणी, म्हंजे मी, एप्रन घालून.

मग मी वनवासाला निघाले आन् जाता जाता वळून उभी राहिले. तुम्ही जत्रेत राणी व्हायचा, तवा या वेळी बाया उठून ओटी भरायच्या. इथं कोण उठणार? लायटीच्या उजेडात माणसंच दिसंनात, आपल्या घोड नदीकाठच्या धुक्यात उभी असल्यागत वाटलं. त्या धुक्यातनं एक म्हातारी आली. घरनंच नारळ आन् तांदूळ घेऊन आलेली. मला पदर न्हाई, म्हणून मी एप्रन पसरला. ओटी भरून ती माझ्याकडं बघतच राहिली. "इनामगावच्या कोंडिबाची का गं तू? त्योबी जाताना असाच वळून उभा राहायचा."

मी तुमच्यागत वळते, हे मला ठाऊकच न्हवतं, आप्पा. तवापासून हात मशीनवर असतात, मी मात्र तिथंच उभी हाय.

आई वेळेवर जेवते का? रविवारी येते. तोच नारळ घेऊन येते. तुमचा शालू पेटीतनं काढून ठेवा आन् पदर पसरा. या खेपेला राणीची ओटी मी भरीन.

तुमची,
सुली