पुढचा पंख

आई, गेल्या महिन्यात मी एक पंख तोडला. मुद्दाम तोडला, दिल्लीहून आलेल्या समितीसमोर, आणि आमचे संचालक नको नको म्हणत असताना. तू असतीस तर पहिला प्रश्न विचारला असतास, "कुठून तुटला?" बाकी सगळे विचारतात, का तोडलात. म्हणून तुलाच लिहिते आहे. तुझ्या प्रयोगशाळेत आता तुला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. पण तुला जे अर्धवट सोडावं लागलं त्याच कामात तुझ्या मुलीनं पन्नाशी ओलांडली, हे तुला कुणीतरी सांगायला हवं.

खडकीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवलं, की आधी पाण्याच्या पिंपावरचं झाकण डोळ्यांसमोर येतं. लोकांकडे पितळेचं नाहीतर स्टीलचं झाकण असायचं, आपल्याकडे पिवळसर, अर्धपारदर्शक, एका कडेला दोऱ्या सुटलेला तुकडा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अहो, दोघांच्या सरकारी नोकऱ्या, आणि एक झाकण होत नाही?" तू भाजी चिरता चिरता म्हणायचीस, "आमचं विमानाचं आहे. तुमचं कशाचं?" मला मात्र त्या झाकणाची लाज वाटायची, कारण ते कुठून आलं होतं ते मी पाहिलेलं होतं.

काचेच्या तंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून, साच्यावर एकावर एक बसवून, तू आणि तुझ्या सहकाऱ्यांनी एका प्रायोगिक विमानाची शेपटी केली होती. धातूपेक्षा निम्म्या वजनाची, असं तू बाबांना जेवताना सांगत होतीस, आणि आमटी निवत होती. चाचणी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कार्यशाळेत होती, म्हणून शाळेला सुट्टी असलेल्या मला आत घेतलं. शेपटी आडवी बांधलेली आहे. दोन माणसं तिच्यावर वाळूच्या पिशव्या रचताहेत. अनुदान देणाऱ्या समितीचे साहेब खुर्च्यांवर बसलेत, त्यांच्यासाठी बशीत बिस्किटं मांडून ठेवली आहेत. तू शेपटीच्या अगदी जवळ उभी, पदर खोचलेला. तंतू आतून करकरायला लागतात आणि मी डोळे गच्च मिटून घेते. बंदुकीसारखा आवाज होतो.

मी डोळे उघडले तेव्हा साहेब उठलेले होते. चहा न घेताच गेले ते. तू त्यांच्याकडे बघतही नव्हतीस, गुडघ्यावर बसून तुटलेल्या कडेवरून बोट फिरवत होतीस. मग माझ्याकडे वळलीस. "मिटलेस ना डोळे? अगं, तेवढ्यासाठीच आणलं होतं तुला. कुठून सुरुवात होते हे तुटतानाच दिसतं, नंतर सगळा नुसता कचरा." चारचौघांत बोललीस म्हणून मला रडू आलं. घरी परतताना बसमध्ये माझा हात धरून म्हणालीस, "तुटली तेव्हा कळलं काय चुकतंय ते. आता पुढची नीट करू."

पुढची झालीच नाही. अनुदान थांबलं, विभाग गुंडाळला, तुला रंगरोगणाच्या चाचण्यांवर टाकलं, आणि निवृत्त होईपर्यंत तू डब्यांवरचे रंग टिकतात का ते तपासत बसलीस. शेपटी भंगारात निघाली तेव्हा रीतसर परवानगी काढून तू एक तुकडा घरी आणलास. मला तेव्हा वाटायचं, ही हरली, आणि हरल्याची खूण रोज पिंपावर ठेवते.

आता माझं ऐक. आमचं विमान लहानच आहे, दोन माणसांचं, पण त्याचे पंख कार्बनच्या तंतूंचे आहेत आणि ते पूर्ण इथे बनवलेत. पहिल्या टप्प्याच्या अनुदानात पंखांची एकच जोडी बसत होती. संचालकांचं म्हणणं असं, की उडताना येतो तेवढा भार लावून दाखवायचा, तिथेच थांबायचं, मग पंख विमानाला जोडून फोटो काढायचा. उड्डाण वर्षअखेरीस. त्यांचंही चूक नाही गं. दिल्लीला काहीतरी उभं असलेलं दाखवावं लागतं, मोडलेल्या वस्तूपुढे उभं राहून पैसे मागायला जिगर लागते. माझ्या हाताखालचा इंजिनिअर अमरावतीकडचा, हुशार आणि सरळ. एरवी पुण्याची भाषा बोलतो, पण त्या दिवशी जिवावर आलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, रिस्क कायले घ्याची? चांगला पंख आहे ना. तोडला अन् त्यायनं पैसेच बंद केले, तं आपन काय करनार?"

मी त्याला तुझी गोष्ट सांगितली नाही. वैमानिकाची सांगितली. आमचे चाचणी वैमानिक हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. एकदा नुसत्या सांगाड्यात बसून बघायला आले होते. बसले, पट्टे लावले, पेडल दाबून पाहिली, उतरले आणि मला विचारलं, "बाई, हा तुटतो कधी?" मी गणितातला आकडा सांगितला. ते हसले. "गणितात नाही हो. खरा." त्या क्षणी ठरलं, आई. अनुदान राहो न राहो, ज्या पंखावर हा माणूस बसणार तो कधी तुटतो हे मला माहीत असल्याशिवाय तो जमीन सोडणार नाही. चाचणीच्या कागदावर सही माझी लागते, आणि अर्धवट चाचणीवर ती करणार नाही, असं मी संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही फारच पुणेरी, पेठी बोलता." म्हटलं, खडकीची आहे, पण चालेल.

त्या आठवड्यात मी नाण्यानं पंख पुन्हा पुन्हा वाजवून पाहिला. यंत्रानं आतले थर तपासलेले होतेच, तरी वाजवला. मंडईत तू नारळ असाच वाजवायचीस आणि तो विक्रेता म्हणायचा, "बाई, नारळ घेताय का तबला?" पंख सगळीकडे खणखणीत वाजला, आत थर सुटल्याचा बद्द आवाज कुठेच नाही. त्यानं माझी काळजी कमी झाली नाही.

आता वाळूच्या पिशव्या नसतात, जॅकनं भार वाढवतात, कॅमेरे असतात. उडतानाचा भार पंखानं आरामात पेलला. समितीनं टाळ्या वाजवल्या, संचालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि भार वाढवायला सांगितलं. विमान वादळात सापडलं तर असावी म्हणून जी राखीव ताकद लागते, तिथपर्यंत पोचायला हवं होतं. पोचला नाही. त्याच्या अलीकडेच करकरला आणि गेला. जाड थर संपून पातळ सुरू होतात तिथून. इथून तुटेल म्हणून मी खडूनं खूण केली होती ती जागा वेगळीच होती.

शेडमध्येच समितीच्या अध्यक्षांसमोर उभी राहून मी सांगितलं, की पंख कमी पडला, जागेचा माझा अंदाज चुकला, का चुकला ते शोधायला दुसरा पंख लागेल आणि तोही तोडावा लागेल. कंपन्यांना उद्या विकता येईल असं काहीतरी हवं असतं, त्यांचा धंदाच आहे तो. तोडण्यासाठी पंख करायचा, हा खर्च सरकारनंच करायचा असतो. हे सगळं मी एका दमात बोलले. अध्यक्ष वाकून तुटलेल्या कडेकडे बराच वेळ बघत राहिले. मग हिंदीत म्हणाले, "टाळ्यांपाशी थांबला असतात तर आम्ही खूश होऊन गेलो असतो." आणि चहा मागितला. आई, ते चहाला थांबले. पुढे त्यांनी काय विचारलं ते मला धड ऐकूच आलं नाही.

काल दिल्लीहून कळवलं. उड्डाण पुढे ढकललं आहे. अनुदान चालू राहील. आधी एक पंख तोडण्यासाठी, मग एक जोडी उडण्यासाठी. अमरावतीकर सकाळपासून साचा पुसतोय. वैमानिकांना फोन केला, तर म्हणाले, "घाई नाही. मी आहे."

तू हरली नव्हतीस, हे मला आता कळतं. तू बरोबर होतीस, फक्त तुला पुढची करू दिली नाही कुणी. ते झाकण माझ्याकडे आहे. पिंप गेलं, आता ते माझ्या टेबलावर असतं. हे पत्र त्याच्याखाली ठेवते आहे, आणखी कुठे पाठवणार?

आणि एक गोष्ट, जी शेडमध्ये कुणाला कळली नाही. कुठून सुरुवात झाली ते मी कॅमेऱ्यात पाहिलं. पंख करकरायला लागला तेव्हा मी डोळे मिटले होते. रागावू नकोस. पुढचा आहे ना, त्याच्या वेळी उघडे ठेवीन.