मेधाची गाडी

११ जानेवारी, रविवार

आजही शेजारच्या सीटवर. मेधा गाडी चालवत होती, मागे ओवी गाणं म्हणत होती, आणि मी मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसलेलो. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवली मी! मेधाने तिकडे स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता. इथे जपानात, सेंदाईत, ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि पहिल्या फटक्यात लायसन्स. मी भारतातलं लायसन्स बदलून घ्यायला तीनदा परीक्षा दिली, तीनदा नापास. शेवटच्या वेळी परीक्षक म्हणाले, थांबायच्या रेषेपाशी गाडी पूर्ण थांबली नाही. थांबली होती. मला कळतं ना.

ऑफिसात सांगतो, मला बसच आवडते.

१४ जानेवारी, बुधवार

जेवताना पुन्हा मेधाचं बर्फपुराण. तिची नोकरी घाटापलीकडे, हिगाशिनेच्या कारखान्यात. भारतातून शिकायला आलेल्या मुलांची ती दुभाषी. त्यामुळे आठवड्यातून तीनदा बोगदा पार करते आणि आल्यावर आम्हाला ऐकवते. बोगद्याच्या अलीकडे ऊन, पलीकडे दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. तिकडचे सिग्नल उभे असतात, बर्फ साचून वाकू नयेत म्हणून. रस्त्याची कड दिसत नाही, म्हणून वर लाल-पांढरे बाण टांगलेले. गावात रस्त्याच्या मधोमध पाण्याची कारंजी, बर्फ वितळवायला. आणि ते पाणी जिथे संपतं, नेमकी तिथेच गाडी घसरते म्हणे.

मी म्हटलं, तोक्योत एदोगावाला राहायचो तेव्हा बोटभर बर्फ पडला तरी लोक गाड्या कडेला लावून चालत घरी जायचे, शहाणपण त्यातच आहे. मेधा हसली. तिचं बघून ओवीही हसली.

हसण्यासारखं काय होतं त्यात?

२४ जानेवारी

ओवीला विचारलं, पापाला लायसन्स मिळालं की कुठे जायचं? ‘पापा हेता दाकारा’ म्हणाली जपानीत आणि चित्र रंगवत बसली. पापा कच्चा आहे, म्हणून नको. आठ वर्षांची पोर!

३० जानेवारी

जळतोय मी. दुसऱ्या कुणावर नाही, बायकोवर. लिहिताना लाज वाटते, पण आहे ते आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार



मेधा ओवीला घेऊन तिच्या कारखान्यातल्या आबे-सानकडे गेली होती, बर्फात खेळायला. मला बोलावलं होतं, मी काम आहे म्हणालो. काम नव्हतं. परत येताना घाटात वादळ लागलं. पुढे ट्रक आडवा झाला आणि गाड्यांची रांग जागच्या जागी अडकली. मी फोनवर सूचना द्यायला लागलो, हीटर चालू ठेव, काचा बंद ठेव. तिने मध्येच थांबवलं.

“अंबरीष, सायलेन्सरभोवती बर्फ साचला तर विषारी वायू आत येतो. इंजिन बंद केलंय आणि मी उतरून बर्फ उपसतेय. बॅटरी वाचवायचीय, ठेवते.”

मी खिडकीत उभा. लायसन्स नाही, गाडी नाही, साधी भाड्याची गाडीही घेता येत नाही. हातात फोन धरून नुसता उभा!

अंधार पडल्यावर आल्या. मागच्या गाडीतल्या आजीबाईंनी ओवीला ओनिगिरी, भाताचा मुटका, दिली होती, ती खाऊन ती झोपली होती. मेधाची बोटं लालबुंद. मी वरणभात गरम केला, तिचे हात कोमट पाण्यात धरले. खरंच जिवात जीव आला.

आणि तेवढ्यात मनात आलं – चला, आता ही घाट सोडेल. ते मनात आलं आणि बरं वाटलं. हे फक्त इथेच लिहू शकतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

गेली! त्याच घाटातून. मी म्हटलं, दोन दिवस सुट्टी घे. म्हणाली, रस्ता उघडलाय. डिकीत फावडं आणि ब्लँकेट टाकलं आणि निघाली.

आमच्या मराठी मंडळातल्या हरीशने ग्रुपवर सगळी हकीकत टाकली. सगळे ‘वाघीण, वाघीण’ करतायत. मला एकाने विचारलं, तू कुठे होतास?

दुपारी ऑफिसात साहेबांना, इतो-सानना, भेटलो आणि तोक्योला बदली मागितली. कारण सांगितलं ओवीचं – एदोगावाजवळ भारतीय शाळा आहे, मराठी-हिंदी सुटायला नको. खोटं नाही ते. पण खरं हे की तिथे ट्रेन आहे. तिथे कुणाला मेधाच्या गाडीची गरज पडणार नाही.

तिला बोललो नाही. मिळाली तर सांगू.

१५ फेब्रुवारी, रविवार

मेधा चहा घेऊन जवळ बसली. म्हणाली, “चौथ्यांदा दे ना परीक्षा. सराव करून घेऊ, मी येते तुझ्याबरोबर. मलाही कंटाळा येतो रे एकटीला चालवायचा.”

किती साधेपणाने म्हणाली. मी ‘शिकवायला येऊ नकोस’ असं काहीतरी तोडून बोललो. ती कप उचलून आत गेली. त्याच वेळी बदलीचं सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं.

२७ फेब्रुवारी

मेधाला कारखान्याने कायम केलं. केक आणला होता. मी दोन तुकडे खाल्ले, अभिनंदन केलं.

इतो-सानकडे गेलो, म्हटलं बदलीचं राहू द्या. म्हणाले, कागद वर गेले.

५ मार्च, गुरुवार

बदली झाली. एप्रिलपासून तोक्यो. जेवताना मेधाला सांगितलं, ओवीच्या शाळेचं कारणही.

तिने विचारलं, “मला न विचारता मागितलीस?”

मी मान हलवली. आवाज चढवला नाही तिने. ओवीच्या ताटात पोळी वाढली.

“तू जा. आम्ही इथेच राहतो.”