पान एकशे तेराचं प्रूफ

प्रिय दादा,

पत्र टाइप न करता हातानेच लिहितोय. दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवतो, हे तरी माझ्या अक्षरात असू दे.

आईचा गुडघा आता बरा आहे. तुझं पुस्तक ती अजून शेजारणींना दाखवते आणि दाखवून झालं की पुसून कपाटात ठेवते. ते जुळवणाराही याच घरातला आहे हे ती पूर्वी सांगायची. हल्ली सांगत नाही.

तुझ्या पुस्तकाचं काम मी मागून घेतलं होतं. मालक म्हणाले, गणिताचं आहे, नववीत शाळा सोडलेल्याला झेपेल का? मी म्हटलं, भावाचं अक्षर लहानपणापासून वाचतोय. खोटं नव्हतं ते. दोघांपैकी एकालाच शिकवता येईल असं घरात ठरलं तेव्हा हुशार तू होतास. माझ्या वाट्याला तुझ्या जुन्या वह्या आल्या, त्यांवरच मी अक्षर वळवलं.

अनिश्चित समाकलनाच्या प्रकरणाला मी पंधरा दिवस दिले. मला गणित येत नाही, पण एक ओळ दुसरीशी जुळली नाही तर घास गोड लागत नाही. गुणधर्म पान एकशे तेरावर होते. गुणणारी स्थिर संख्या समाकलनाच्या चिन्हाबाहेर काढता येते. बेरजेतल्या पदांचं समाकलन वेगवेगळं करून मिळवता येतं. समाकलनाचं अवकलन केलं की मूळचं फल परत मिळतं. इथवर ठीक. पण आधी अवकलन आणि मग समाकलन केलं तरी तेच फल जसंच्या तसं मिळतं, असं तू लिहिलं होतंस. आदल्या पानावर मात्र तूच शेवटी + C लिहिला होतास. जेवणाच्या सुट्टीत मी करून बघितलं. x² घेतलं, मग x² + 5 घेतलं. दोन्हींचं अवकलन 2x. मग पाच कुठे गेला? परत येताना तिथे पाच होता, पन्नास होता की काहीच नव्हतं, हे 2x ला ठाऊक नसतं. म्हणून C लिहून त्याची जागा राखायची. एवढं मलाही कळलं, दादा.

आमच्याकडची रीत तुला माहीत आहे. आमची शंका प्रूफाच्या समासात पेन्सिलीने, लेखकाचं उत्तर लाल शाईत, खाली सही. मी लिहिलं, 'येथे + C हवा का? पुढच्या ४१ उत्तरांतही नाही.' तू लिहिलंस, 'नको. तो धरलेलाच असतो. आहे तसे ठेवा.' ठेवा, असं मला. संध्याकाळी फोनवर हसलास, काय रे साहेब, आता तू मला गणित शिकवणार? मीही हसलो.

परीक्षेत C न लिहिल्याबद्दल मुलांचे गुण कापले गेले. तीन शाळांतून तक्रारी आल्या. जुळवणाऱ्याने गाळलं, असं तू मालकांना सांगितलंस. त्यांनी मला विचारलं तेव्हा प्रूफ माझ्या खणात होतं आणि मी गप्प राहिलो. म्हटलं, तुझी नोकरी अजून कायम व्हायची आहे. घरी आई म्हणाली, जमत नव्हतं तर घेतलंस कशाला, त्याचं नाव घालवलंस.

काल तुझं शुद्धिपत्र आलं, जुळवायला माझ्याकडेच. 'अक्षरजुळणी करणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे पुढील उत्तरांतील स्थिरांक गळाले आहेत.' 'निष्काळजीपणा' हा शब्द तू चुकीचा लिहिला होतास, तो मी सुधारला. एक्केचाळीस ओळी जुळवल्या, प्रत्येकीत C घातला, दोनदा तपासल्या. त्यात चूक सापडणार नाही. मालक म्हणाले, एवढं झालं की तुझं इथलं काम संपलं.

आज सकाळी ते शुद्धिपत्र सहीसाठी त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्याच्याखाली पान एकशे तेराचं प्रूफ ठेवलंय, तुझ्या लाल शाईसकट. ते अजून आले नाहीत. मी टेबलाशेजारीच बसलोय आणि हात लांबवला तर कागद परत घेता येईल. घ्यायचा असता तर हे लिहायला बसलो नसतो. आईला काय सांगायचं ते तू बघ. मी काय केलं ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहिलं. जिन्यावर पावलं वाजताहेत.

तुझाच, अजूनही
धाकटा