शेजारणीच्या हातचा गूळ

ती. आईस,
शारजाहून सुविधाचा नमस्कार.

मी बरी आहे. फोनवर बाबांचा विषय निघाला की तू पावसाचं बोलतेस, म्हणून लिहिते.

दिवाळीतही इथे उकाडा आहे. खोलीतल्या मुलींनी मला थंड मसाला लाटे करायला लावलं. दालचिनी, वेलची, जायफळ घालून कडक चहा उकळला आणि निवू दिला. ग्लासात बर्फ, त्यावर चहा, वरून फेसाळ दूध. गुळाचा पाक सगळ्यांना घातला, मला नाही. बाबांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

बांद्याच्या सायलीने ते पाहिलं. म्हणाली, "अगो, वर्षभर आपण गोड करूचा नसता. दुसऱ्यान दिलेला नको म्हणूचा नसता."

तिनेच माझ्या ग्लासात पाक ओतला. मी प्याले. डोळे भरून आले, पण प्याले.

तू जेवतेस ना नीट? सेजलवहिनी म्हणते, आई चहासुद्धा बिनसाखरेचा घेते. शेजारच्या ताराकाकूने दिवाळीचे गोड फोव, गूळ घातलेले पोहे, आणले, तो डबा तू भरलेलाच परत केलास.

तुळशीच्या लग्नाला काकू पुन्हा येईल. या वर्षी तिचा डबा रिकामा परत जाऊ दे.

तुझी,
सुविधा